लोड

मार्केट यार्डाच्या वजनकाट्यावर
खिडकीपाशी माझी खुर्ची.
गाडी आली की विचारायचं, 'लोड का मोकळी?'
ड्रायव्हर मान हलवतो, मी बटण दाबते,
पावती निघते, चाळीस रुपये.
सोळा वर्षं हा शब्द तोंडातनं जातोय,
चव कधी लागली नाही.

वायरमन भूपाल मगदूम एप्रिलात खांबावरनं ओरडतो,
'ताई, कूलर बंद करा, डीपीला लोड झेपंना!'
मी वर बघते.
तारेकडं बघून कळत नाही
भरलेली आहे का मोकळी.
भूपालच्या लोडाची पावती माझ्याकडं निघायची नाही.

पोरगा गणितात गेला.
मी गॅससमोर गप्प उभी, तर पाठीमागनं म्हणतो,
'मम्मी, लोड नको घेऊस.'
घेऊ नको म्हणे.
म्हणजे घेणाऱ्याच्या मर्जीवर असतो काय हा?

शेजारची सन्मती पूल शिकते, डिप्लोमाला आहे.
जिन्यात बसून पाठ करत होती :
पुलाचं स्वतःचं वजन, तो डेड लोड.
वरनं येतंजातं ते लाइव्ह.
आण्णा ऐकत होते, आमचे वडील.
पस्तीस वर्षं हळदीची हमाली,
तेव्हा पोतं क्विंटलचं असायचं.
त्यांनी विचारलं,
'बाळ, आणि पोतं घेऊन माणूस पुलावर थांबला तर?'
सन्मती म्हणाली, 'तो पण लाइव्हच, आजोबा.'
'थांबला तरी?'
तिनं वही चाळली.
आण्णा म्हणाले, 'असू दे. परीक्षेला नाही येणार ते.'

आण्णांकडं ह्यासाठी एकच शब्द होता, वझं.
वझं उचलायचं, वझं टाकायचं,
मधल्या चालण्याला वेगळं नाव नव्हतं.
पाठ बारा महिने पिवळी.
आई म्हणायची, 'रोज हळद लागतीया,
नवरदेव काय होईनात हे.'

गेल्या महिन्यात डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला.
'मणक्यावर फार लोड आलेला आहे.'
आण्णांनी माझ्याकडं बघितलं.
हा शब्द त्यांच्या पोरीच्या कामावरचा,
इथं कसा?
मी म्हणाले, 'वझं, आण्णा.'
'मग तसं म्हणा की. ते तर कवाच टाकलं.'

येताना रिक्षा काट्यापाशी थांबवली.
कुणी नव्हतं. म्हटलं, आण्णा, उभं राहा जरा.
लोखंडी पत्र्यावर, ट्रकांच्या जागी,
चपला काढून उभे राहिले.
काटा दहादहाच्या टप्प्यानं मोजतो.
पन्नास.
त्यांच्या एका पोत्याच्या निम्मे.
पडदा विचारत होता, लोड का मोकळी.
मागं उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवायला लागला
आणि मी काहीच न दाबता
त्यांना हाताला धरून खाली घेतलं.

एक लोड मात्र आण्णांना आधीपासून ठाऊक होता.
बसलिंगाप्पांच्या अडतीत
पांढरीशुभ्र गादी, भिंतीला तक्क्या,
आणि दोन्ही अंगांना गोल गुबगुबीत लोड.
शेठ कोपर टेकून भाव काढायचे.
आण्णा उंबऱ्याशी पोतं उतरवायचे,
तिथनंच माघारी.
कुणी हाकललं नाही कधी.
गादी पांढरी होती, एवढंच.

मी तसलाच एक शिवून आणला,
सरकी काढलेल्या नव्या कापसाचा, पांढऱ्या खोळीचा.
कॉटवर भिंतीला लावला.
म्हटलं, 'टेका. डॉक्टरनं सांगितलंय.'
'काय म्हणतीस ह्याला?'
'लोड.'
आण्णा इतके हसले की खोकला आला.
'म्हंजे आयुष्यभर पाठीवर घेतला तोच की.'

पंधरा दिवस झाले.
आण्णा अजून त्याला टेकत नाहीत.
चार बोटं अंतर ठेवून
ताठ बसतात, कणा दुखतो तरी.
विचारलं तर म्हणतात, 'मळंल गं.'

पाठ धुऊन त्यांना
एकवीस वर्षं झाली.